सांडवा कोरडा, सहल ठरलेली: नळदुर्गचं एक प्रकरण

सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेची नववीची सहल ऑगस्टात नळदुर्गच्या किल्ल्यावर जायची ठरली होती. संमतीपत्रं आली, पैसे गोळा झाले, एसटीचं आरक्षण झालं. मग एका मुलीच्या नळदुर्गमधल्या मामाने फोटो पाठवला. बोरी नदीवरचा जुना बांध उन्हात तळपतोय आणि नर-मादीच्या दोन्ही सांडव्यांवर पाण्याचा थेंब नाही. फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचायला किती वेळ लागतो? संध्याकाळपर्यंत वर्गशिक्षिकांचा फोन थांबेना. पाणीच नाही तर मुलांना तिथं दगड बघायला न्यायचं का?

सोलापूरकरांना नळदुर्ग म्हणजे नर-मादी, त्यामुळे या प्रश्नात गैर काही नव्हतं. चांगल्या पावसाच्या वर्षी रविवारी हैदराबाद रस्त्याला जी गर्दी लोटते ती धबधब्याची असते. बांधावरून दोन ठिकाणी पाणी खाली झेपावतं, त्या दोन धारांना लोकांनी नर आणि मादी ठरवून टाकलंय. पण ही गंमत आता नुसत्या पावसावर चालत नाही. नळदुर्गच्या वरच्या अंगाला बोरी धरण आहे. ते काठोकाठ भरून वाहू लागलं की किल्ल्याच्या बांधाला पाणी मिळतं आणि तेच पाणी पुढे अक्कलकोट तालुक्यात कुरनूर धरणात जातं. अवर्षणाच्या आमच्या या पट्ट्यात वरचं धरण भरणं दरवर्षी होतंच असं नाही, आणि भरलंच तर बहुधा परतीच्या पावसात, सप्टेंबरात. ऑगस्टातली सहल म्हणजे चिठ्ठी टाकण्यातलाच प्रकार.

आमचा किल्ले हिंडणाऱ्या चार माणसांचा गट आहे. शाळेने मुलांबरोबर येऊन बोलायला आम्हाला सांगितलं होतं, त्यामुळे हा घोळ आमच्याही दारात आला. शाळेत बैठक झाली. मुख्याध्यापिका बाईंचं म्हणणं सरळ होतं. पाणी नसेल तर 45 किलोमीटर जायचं कशाला, गावातला भुईकोट काय वाईट आहे? बसचा खर्च वाचेल, मुलं जेवायला घरी जातील.

बाईंच्या बोलण्यात तथ्य होतं. सोलापूरचा भुईकोट हा नळदुर्गचा गरीब भाऊ वगैरे अजिबात नाही. दुहेरी तट, खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. बहमनी काळापासूनची ही जागा. आदिलशाही आणि निजामशाही या किल्ल्यासाठी पिढ्यानपिढ्या भांडल्या. तो हुंड्यात देण्याचं कबूल करून दिला नाही म्हणून लढाया झाल्या, आणि पुढे चांदबीबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा तो खरोखर हुंड्यात गेला. विजयनगरवर चालून जाण्यापूर्वी 1564 च्या अखेरीस दख्खनच्या सुलतानांच्या फौजा सोलापूरजवळच जमल्या होत्या. मे 1818 मध्ये जनरल मन्रोने पेशव्यांच्या फौजेचा इथं पाडाव केला आणि किल्ला घेतला. इतिहास मोजायचाच झाला तर भुईकोट कुठंही कमी पडत नाही.

तरीही आम्ही नळदुर्गचाच आग्रह धरला. कारण वेगळं होतं. भुईकोट सपाटीवर आहे. त्याचा बचाव पूर्णपणे माणसाने केलेला: पाणी खेळवलं, तट उचलले, आत दुसरा तट घातला. चौदा वर्षांच्या मुलाला तो बागेच्या कडेची जुनी भिंत वाटतो. कड्यावरच्या किल्ल्यात मात्र निम्मं काम जमिनीने केलेलं असतं, निम्मं माणसाने, आणि या दोन कामांची शिवण कुठं बसलीय ते डोळ्यांनी दिसतं. किल्ला वाचायला शिकवायचं तर ती शिवण दाखवावी लागते. त्याला पाणी लागत नाही.

शेवटी तडजोड झाली. जायचं नळदुर्गलाच, पण नेहमीच्या क्रमाने नाही. सगळे लोक आत शिरले की तडक पाणीमहालाकडे, म्हणजे बांधाच्या पोटातल्या महालाकडे, पळतात आणि तिथून परत फिरतात. आम्ही पाणीमहाल सगळ्यात शेवटी ठेवला, आणि बसमध्येच मुलांना एकच प्रश्न देऊन ठेवला: तुम्ही वेढा घालायला आला आहात, किल्ला कुठून घ्याल?

खडक काय सांगतो

बोरामणी, तांदूळवाडी, ईटकळ, अणदूर अशी गावं मागे टाकत बस गेली. अणदूर आलं की खंडोबाचा विषय निघतोच. अणदूर आणि नळदुर्गजवळचं मैलारपूर यांच्यात देवाची मूर्ती एकच. वर्षाचा काही काळ ती इकडे, काही काळ तिकडे, आणि पौष पौर्णिमेची मोठी यात्रा नळदुर्गला. दोन गावांनी एक देव इतका काळ न भांडता वाटून घेतला, हे मला तरी आदिलशाहीच्या कुठल्याही तहापेक्षा मोठं वाटतं.

नळदुर्ग हा बेसाल्टच्या पठाराचा एक सुळका नव्हे, तर पठारातून नदीच्या दरीत पुढं आलेला तुकडा आहे. हात लांब करून मूठ वळावी तसा: मुठीच्या बाजूंना कडा, कड्याखाली बोरीचं पात्र, आणि पश्चिमेला मनगट, म्हणजे जिथं किल्ल्याची जमीन बाहेरच्या पठाराला आणि गावाला जोडलेली आहे. कडा कुठं 50 फूट, कुठं 200 फुटांपर्यंत. काही जागी काळ्या पाषाणाचे उभे खांब सुटे सुटे दिसतात. लाव्हा थंड होताना आकसला की तो असाच कोनदार खांबांत तडकतो. नळराजाने किल्ला बांधला आणि दमयंतीसह इथं नांदला, अशी कथा गावात कुणीही सांगेल. मुलांनाही ती आवडली. राजा नळाला हा खडक आयता मिळाला एवढं मात्र नक्की.

इतिहासाच्या वाटेने यायचं तर किल्ला कल्याणीच्या चालुक्यांशी जोडला जातो, मग बहमनींकडे जातो आणि बहमनी सत्ता फुटल्यावर विजापूरच्या आदिलशाहीकडे. आज आपण जो दगडी तट पाहतो त्याचं श्रेय पहिल्या अली आदिलशहाला. 1558 च्या सुमारास त्याने तटबंदी नव्याने उभी केली. नळदुर्ग विजापूर, अहमदनगर आणि गोवळकोंडा या तिन्ही राज्यांच्या ओढाताणीत होता. 1580 मध्ये गोवळकोंड्याच्या गादीवर आलेला मुहम्मद कुली कुतुबशहा, म्हणजे पुढं हैदराबाद वसवणारा, सुरुवातीलाच अहमदनगरकरांबरोबर या किल्ल्याच्या वेढ्यात होता. वेढा फसला. 1686 मध्ये विजापूर पडलं, त्या सुमारास नळदुर्ग मुघलांकडे गेला आणि त्यानंतर निजामाकडे.

आम्ही मुलांना आधी मनगटावर उभं केलं. ऊन कडक होतं, दोघी-तिघी ओढणी डोक्यावर घेऊन बसल्या. मी विचारलं, नदीच्या बाजूला तट बारीक आणि इथं एवढा दांडगा का?

मागून एक जण म्हणाला, "तिकडनं कोण चढतंय बे? इकडनंच येणार की सगळे."

उत्तर मिळालं. नदीच्या अंगाला कड्याने राखण केली, त्यामुळे तिथं तटाच्या काठाने बुरूज चढवले की भागत होतं. सगळा दगड आणि सगळी अक्कल या चिंचोळ्या पट्टीत ओतलेली. खडकातच फोडून काढलेला रुंद कोरडा खंदक, त्याच्या आत खालचा तट, त्याच्या आत उंच तट, आणि तोफा वळवता येतील एवढे ऐसपैस बुरूज. खंदक खणताना निघालेला दगड तटाला वापरायचा ही दख्खनच्या किल्ल्यांची जुनी रीत. एकाच कामात शत्रूची वाट खोल होते आणि आपली भिंत उंच.

एका मुलीने जंगीला डोळा लावला. जंगी म्हणजे तटातलं बंदुकीचं भोक. ती म्हणाली, "सर, समोरचं काहीच दिसत नाही. नुसता खालचा उतार दिसतोय." मग सगळ्यांनी रांगेत उभं राहून बघितलं. भोक खाली कललेलं असतं. लांबचा शत्रू तोफेचा, जवळ येऊन तटाला भिडलेला शत्रू जंगीचा. तिच्या पुढ्यात जे कामाचं तेवढंच दिसावं असं कुणा गवंड्याने चारेकशे वर्षांपूर्वी ठरवलं होतं. चुन्याच्या सांध्यातून सीताफळाचं रोप वर आलं होतं, तिने ते बाजूला सारलं आणि पुन्हा डोळा लावला. माझ्या मते सहलीतला सगळ्यात कामाचा क्षण हाच.

कुणी पाडला?

आत शिरल्यावर प्रश्न बदलले. आत छप्पर नसलेल्या भिंती, पायांचे चौथरे, उभ्या राहिलेल्या कमानी, झाडोरा. एका मुलाने गंभीरपणे विचारलं, हा कुणी पाडला, इंग्रजांनी का औरंगजेबाने?

बहुतेक मोठी माणसंही हेच विचारतात. पडका किल्ला दिसला की मनात आपोआप तोफ वाजते. नळदुर्गचं उत्तर कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच मला आवडतं: आतलं गाव कुणी पाडलं नाही, ते रिकामं झालं.

पुरावा एका इंग्रज अधिकाऱ्याचा आहे. 1853 मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनीकडे लावून दिला. त्या वेळी नळदुर्गला कारभार पाहायला मेडोज टेलर आला आणि 1857 पर्यंत राहिला. त्याने लिहून ठेवलंय की तट आणि बुरूज उत्तम अवस्थेत होते, पण आतली जवळजवळ सगळी जागा पडक्या भिंतींनी भरलेली होती, आणि मधोमध एक रुंद रस्ता गेलेला दिसत होता. म्हणजे आपण ज्याला आज भग्न म्हणतो ते त्याच्याही काळी भग्नच होतं. 1860 मध्ये मुलूख निजामाला परत मिळाला. नळदुर्ग काही काळ जिल्ह्याचं ठाणं राहिलं, पुढं तेही उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला गेलं. कचेरी हलली की वकील हलतात, वकील हलले की खाणावळी हलतात.

तट घडीव दगडाचा आणि चुन्याचा, म्हणून टिकला. घरं कच्च्या मालाची, माळवदाची, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छप्पर असलेली. लाकूड काढून नेलं की पहिल्या मोठ्या पावसात माळवद खाली, आणि उघडी भिंत दोन-चार पावसाळ्यांत मातीला मिळते. सोलापूरच्या पेठेतले जुने वाडे पाहिलेल्या मुलांना हे सांगावं लागलं नाही. एकाने स्वतःच सांगितलं की आजोबांच्या वाड्याचं असंच झालं.

पडक्या जागेची ओढ का वाटते यावर पुष्कळ काव्यमय लिहिलं जातं. त्या दिवशी मुलांकडे बघून मला एवढंच वाटलं की पडक्या जागेत नियम सुटतात. सजवलेल्या महालात दोरी असते, पाटी असते, हात लावू नका असतं. इथं मुलं चौथऱ्यावर चढून हे स्वयंपाकघर, इथं चूल, इथं पाणी, असं ठरवत होती. दोन गटांत त्यावरून भांडण लागलं. पुरी राहिलेली इमारत पाहणाऱ्याला करायला काहीच ठेवत नाही.

याची दुसरी बाजूही आहे. 2014 मध्ये शासनाने किल्ल्याची देखभाल आणि पर्यटनाची व्यवस्था करारावर सोलापूरच्याच एका खासगी कंपनीकडे सोपवली. वाटा झाल्या, झाडोरा निघाला, हिरवळ आली, तिकीट आलं. त्याआधी इथं आलेल्यांना काटेरी झुडपं आणि दारूच्या बाटल्या आठवत असतील. किल्ल्यात कारंजं हवं का, यावर आमच्या गटात एकमत नाही. मला स्वतःला तटावरचं एक पिंपळाचं रोप वेळीच उपटणं हे हिरवळीच्या गालिच्यापेक्षा मोलाचं वाटतं. पिंपळाचं मूळ जे करतं ते तोफेला जमलेलं नाही. पण शौचालय आणि पिण्याचं पाणी असल्याशिवाय मुलींची सहल आणता येत नाही, हेही वर्गशिक्षिकांनी मला तिथल्या तिथं ऐकवलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उपळी बुरूज आणि 13 सप्टेंबर

आतल्या उंच उपळी बुरुजावर (कुणी उपल्याही म्हणतात) अवघड चढ चढून गेलं की मूठ आणि मनगट दोन्ही एका नजरेत येतात. वर लांबलचक तोफा आहेत. इथं मुलांना वेढ्याच्या योजना सांगायला लावल्या. एका गटाने मनगटाकडून सुरुंग लावायचा म्हटलं. दुसऱ्या गटाने खंदक भरून काढायचा म्हटलं. तिसऱ्या गटातला एक हडकुळा मुलगा शांतपणे म्हणाला, "आपण काहीच करायचं नाही. ज्वारी संपेपर्यंत बसायचं." तो पुढं काय होणार माहीत नाही, पण वेढ्यांचा इतिहास त्याला कळला.

"पण पाणी तर संपणार नाही," कुणी तरी म्हणालं, आणि सगळ्यांच्या माना बांधाकडे वळल्या. नेमकं तेच हवं होतं.

तिथून हमरस्ता दिसतो, म्हणून 1948 ची गोष्टही वरच सांगितली. 13 सप्टेंबरला पहाटे सोलापूरकडून भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं, तेव्हा पहिली झटापट नळदुर्गला झाली. बोरीवरचा पूल शाबूत हाती येणं महत्त्वाचं होतं आणि तो आला. शीख रेजिमेंटचे हवालदार बचित्तरसिंग त्या दिवशी इथं पडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. मध्ययुगासाठी निवडलेली जागा रणगाड्यांच्या काळातही आड आली, कारण नदी आणि रस्ता एकमेकांना जिथं भेटतात ती जागा बदललेली नाही. सोलापूरच्या मुलांना पोलीस ॲक्शन हे शब्द आजोबांकडून माहीत असतात. जागा पहिल्यांदाच दिसली.

कोरडा पाणीमहाल

जेवण कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दह्यावर झालं. मग पाणीमहाल.

बोरीवरचा हा बांध मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांना सांधतो. लांबी पावणेदोनशे मीटरच्या आसपास, उंची 60 फुटांच्या वर. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 मध्ये, बांधाच्या पोटातच महाल काढला. बांधणाऱ्याचं नाव मीर इमादीन असल्याचं तिथल्या फारसी लेखावरून सांगतात. याच लेखात असंही आहे की हा महाल पाहून मित्राचे डोळे उजळतील आणि शत्रूच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल. हे सांगताच मागून आवाज आला, "आमच्या तर चढूनच आलीय अंधारी."

इब्राहिम गाण्याबजावण्यातला रसिक सुलतान. धो धो कोसळणाऱ्या पाण्याच्या पडद्याआड कोरड्या जागी बसायचं, ही हौस त्याच्या स्वभावाला धरूनच होती. पण त्या हौशीचं यंत्र पाणी पडत असताना दिसत नाही. सांडवा सुरू असला की सगळ्यांचे मोबाईल वर, आवाजात बोलणं ऐकू येत नाही, आणि पाणी जोरात असेल तर खाली उतरूही देत नाहीत. कोरड्या दिवशी मुलांना ते सुट्टं सुट्टं दाखवता आलं. वर बांधाच्या माथ्यावर सांडव्याच्या खाचा. त्याखाली महालाचा सज्जा. पाणी पुढच्या बाजूला फेकलं जातं, भिंतीवरून ओघळत नाही, म्हणून आतला माणूस भिजत नाही. एक मुलगा सांडव्याच्या रेषेत उभा राहून हाताने पाण्याची वाट दाखवत होता, दुसरा आत बसून सुलतान झाला होता.

बांध नुसता हौसेचा नव्हता, हे मग त्यांनीच जोडलं. मुठीच्या एका बाजूला पाणी अडवलं की कड्याच्या पायथ्याशी तलाव होतो. शत्रूला तिकडून जवळ येता येत नाही आणि आतल्या शिबंदीला उन्हाळाभर पाणी पुरतं. ज्वारी संपेपर्यंत बसायचं म्हणणाऱ्या मुलाचा चेहरा थोडा पडला.

नंतर

सगळं गोड झालं असं नाही. काही मुलांनी दिवसभर एकमेकांचे व्हिडिओ काढले, एकाने बुरुजाच्या काठावर उभं राहण्याची हौस केली आणि वर्गशिक्षिकांनी त्याला तिथंच झापला. कठडा जागोजागी ढासळलेला आहे. चाळीस मुलांमागे तीन मोठी माणसं पुरत नाहीत, दहामागे एक हवं. काही पालकांनी परतल्यावरही तेच विचारलं: पाणी होतं का?

मुलांकडून निबंध घेतले नाहीत, नकाशे काढून घेतले. बहुतेकांनी धबधबा काढलाच, न पाहिलेला. पण बऱ्याच नकाशांत पश्चिमेकडची चिंचोळी पट्टी ठळक गिरवलेली होती आणि तिथं बुरूज मोठे काढलेले होते. जंगीतून बघणाऱ्या मुलीने फक्त एक तिरकं भोक आणि त्यातून दिसणारा उताराचा तुकडा काढला, बाकी पान कोरं.

ते नकाशे मुख्याध्यापिका बाईंनी बराच वेळ चाळले. आता आठवीची मागणी आली आहे. बाईंची अट आहे की आधी मुलांना भुईकोटाला चालत न्यायचं, तिथं हाच वेढ्याचा प्रश्न घालायचा आणि मग नळदुर्ग. महिना सप्टेंबर धरलाय. बस मात्र यावेळीही आधी गावाच्या बाजूला, खंदकापाशीच थांबणार.